जुना माल आधी बाहेर

२ सप्टेंबर

प्रिय दादा,

इतके महिने पत्र नाही, त्याबद्दल आधी कान पकडते. फोनवर बोलतोच की, असं तू म्हणशील. पण नाना आमच्याकडे आल्यापासून माझ्या फोनवरच्या बोलण्यात काही अर्थ राहिलेला नाही. मी फोन कानाला लावला की ते रेडिओ बंद करतात आणि म्हणतात, "बोल, बोल, मला काही त्रास नाही." मग मी तुला "सगळं छान" सांगते, तू "बरं" म्हणतोस, आणि आपण काहीच बोललेलो नाही हे दोघांनाही कळतं. मेसेज करावा तर माझा फोन तुझ्या भाचीच्या हातात असतो आणि ती नानांना मोठ्याने वाचून दाखवते. तिचं नाव टिटवी ठेवलं ते उगाच नाही. म्हणून पत्र. उत्तर माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठव.

वहिनीच्या कमरेचं ऑपरेशन झालं म्हणून नाना तुमच्याकडून इथे "चार दिवसांसाठी" आले. ते चार दिवस केव्हाच संपले, पण त्यांची बॅग अजून कॉटखाली भरलेलीच आहे. सकाळी तिच्यातून एक सदरा निघतो. धुऊन वाळला की घडी होऊन परत आत जातो. मी कपाटातला खण देऊ केला तर म्हणाले, "लेकीकडे आलेल्या प्रवाशाला कपाट कशाला?" परवा टिटवीकडून कळलं, थंडी पडली की त्यांच्या जुन्या गोदामाजवळच्या त्या दोन खोल्यांत जाऊन राहायचं त्यांच्या मनात आहे. एकटे. मागे चक्कर येऊन तिथेच पडले होते आणि संध्याकाळपर्यंत कोणाला पत्ता नव्हता, हे तुला आठवत असेल. मी विषय काढला तर एवढंच म्हणाले, "जिथे आपला उपयोग नाही तिथे जागा अडवू नये. हा गोदामाचा नियम आहे."

आता दुसरी गोष्ट. हसू नकोस. मी बाल्कनीत खताचा डबा ठेवला आहे. पाचवीच्या पुस्तकातला कचऱ्यावरचा पाठ माझा, हे तुला ठाऊक आहे. भाज्यांच्या सालींचं खत कसं करावं हे मी मुलांना मोठ्या ऐटीत सांगितलं आणि स्वतः जन्मात एक साल कुजवलेली नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. आता नवी आवृत्ती निघते आहे आणि तो पाठ पुन्हा तपासताना मला माझीच लाज वाटायला लागली. म्हणून हा निळा डबा. कमरेइतका उंच आहे. वरून साली टाकायच्या, खाली एक लहानसं दार आहे तिथून तयार खत काढायचं. मध्ये सुकी पानं घालायची असतात. ती मला मिळत नाहीत, म्हणून मी जुनी प्रुफं फाडून घालते. नानांनाही डबा दाखवला. "कचऱ्याला एवढा मोठा?" म्हणाले. मी म्हटलं, "आता सगळा कचरा इथेच, नाना." त्यांनी मान हलवली आणि बातम्या लावल्या.

उद्याचं काम: डब्यात वरून मूठभर माती टाकणे.

तुझी,
धाकटी

१० सप्टेंबर

प्रिय धाकटे,

पत्र मिळालं. तुझ्या वहिनीने वाचलं आणि म्हणाली, "पत्राखाली उद्याचं काम लिहिणारी बाई जगात एकच असणार." मी तिला सांगितलं, ही शाळेत निबंधाखालीही लिहायची, आणि बाई त्याचेही मार्क द्यायच्या.

वहिनी आता काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि काठी घेऊनच परत येते. येताना काठीने मला कामं दाखवते. दुकान ठीक चाललंय. लोकांना चष्मे देण्यात दिवस जातो, घरी आल्यावर मात्र मलाच काही दिसत नाही, असं तिचं मत.

तू कुजवायला घेतलंस हे वाचून आनंद झाला. आजवर तू फक्त विचार कुजवायचीस. तेही महिनोन्महिने.

नानांचं म्हणशील तर मला काळजी आहेच. त्या खोल्यांत त्यांना मी जाऊ देणार नाही, आणि मी "जाऊ देणार नाही" म्हटलं की ते आधी तिकीट काढतील, हेही मला माहीत आहे. पण रविवारी त्यांचा फोन आला होता. आवाजात दम होता. म्हणाले, "मला इथे सकाळची ड्यूटी लागली आहे."

"कसली ड्यूटी?"

"आहे घरातलीच. धाकटीला बोलू नकोस."

मी म्हटलं फिरायला जात असतील. चार माणसं भेटत असतील. तर मी तुला काही बोललो नाही, हे लक्षात ठेव.

तुझा,
दादा

२९ सप्टेंबर

प्रिय दादा,

सकाळच्या ड्यूटीबद्दल मी काही विचारलं नाही. आम्ही तिघं घराबाहेर पडेपर्यंत नाना अंघोळ करून इस्त्रीचा सदरा घालून बसलेले असतात. फिरायला जाताना इतकं नटतात, म्हणजे मन रमत असावं. बॅग मात्र कॉटखालीच आहे.

आता एक चमत्कार सांगते. आम्ही डबा रोज भरतो आणि डबा भरतच नाही. वर ताज्या साली दिसतात, दुसऱ्या दिवशी बघावं तर पातळी खाली गेलेली. मी वाचलं होतं की कुजताना आकार घटतो, पण इतका? तुझे मेव्हणे दिवसभर लोकांचे दात तपासतात. ते म्हणाले, "इतकं बारीक चावून माझे पेशंटसुद्धा खात नाहीत." खालच्या दारातून खत अजून निघालेलं नाही, तेवढंच मला खटकतं. पण माझ्यात आणि माझ्या यशात नेहमी काहीतरी खटकतंच, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

वरच्या मजल्यावर शिवणकाम करणारी बाई राहते. तिने माझं बघून तसाच डबा आणला. तिचा तोंडापर्यंत भरलाय आणि वास येतोय. ती विचारायला आली, "तुम्ही नेमकं काय करता?" मी तिला जिन्यात उभं राहून बरंच काही सांगितलं. शेवटी मी तिला म्हणाले, "थोडा विश्वास ठेवावा लागतो." दादा, मी म्हणाले हे. मी.

नानांनी इकडे फ्रिज ताब्यात घेतलाय. एके दिवशी मी ऑफिसातून आले तर प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. जुनं पुढे, नवं मागे. मी विचारलं तर म्हणाले, "नवा माल पुढे ठेवलास की जुना मागे सडतो. जुना माल आधी बाहेर. चाळीस माणसांना मी हेच शिकवलं, तुलाच शिकवायचं राहिलं." टिटवीशी त्यांचा रोज वाद होतो. कालचा ऐक.

"नाना, मी केक खाते."

"आधी तो भात."

"सकाळी सकाळी भात?"

"परवापासून रांगेत उभा आहे बिचारा."

"आणि केक?"

"तो कालच आलाय. त्याचा नंबर उद्या."

"नाना, हे घर आहे, गोदाम नाही."

"म्हणूनच इतकं वाया जात होतं."

ती फुरंगटली, पण भात खाल्ला. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे अन्न टाकणं जवळजवळ थांबलंय. अर्धा टोमॅटो, पावाच्या कडा, वाटीभर डाळ, सगळ्यांना आता नंबर आहे. हे श्रेय नानांचं की माझ्या डब्यामुळे घरात आलेल्या शिस्तीचं, यावर मी थोडा विचार केला. दोघांचं, असं ठरवलं.

पाठात मी एक वाक्य घातलंय: "योग्य निगा राखल्यास ओला कचरा थोड्याच दिवसांत जवळजवळ नाहीसा होतो." स्वानुभवाने लिहिलेलं माझं पहिलं वाक्य.

उद्याचं काम: पाठ छपाईला देण्याआधी एकदा वाचणे.

तुझी,
धाकटी

६ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

तो पाठ छपाईला देऊ नकोस. दिला असशील तर धावत जा.

कचरा नाहीसा होत नाही. गाडीत बसून जातो.

तुझं पत्र मी वहिनीला वाचून दाखवत होतो. "पातळी खाली गेलेली" इथे आलो आणि माझ्या डोक्यात काहीतरी हललं. नानांना फोन लावला आणि ड्यूटी कसली ते सरळ विचारलं. आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाले, "पोरीने डबा घेतला, पण काढायचं नाव नाही. कामाचा व्याप आहे, समजतो मी. पण वर ताजं टाकत राहते आणि खाली सगळं काळं पडलंय. नवशिका कारकून करतो तसं. म्हणून तुम्ही गेलात की मी खालच्या दारातून जुनं तेवढं काढतो, पिशवीत भरतो आणि कचऱ्याच्या गाडीवर देऊन येतो. वरच्या ताज्याला हात लावत नाही."

"तिला सांगितलंत?"

"कशाला? लाज वाटेल तिला. बापाने एवढं झाकायला नको?"

म्हणजे तुझं खत व्हायला लागलं की नाना नेमकं तेवढंच उचलून देतात. मी फोन ठेवला आणि इतका हसलो की वहिनीने काठी उगारली. तिला हसवू नका असं डॉक्टरांनी सांगितलंय.

यात नानांची चूक म्हणावी तर मला दिसत नाही. खाली दार असलेला डबा आणि जन्मभर गोदाम सांभाळलेला माणूस तू एका घरात ठेवलेस, आता भोग.

त्यांना सांगायचं की नाही ते तू ठरव. गोदाम सोडल्यापासून त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता, एवढंच सांगतो.

तुझा,
दादा

१९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

वाक्य खोडलं. छपाई दोन दिवसांवर होती. आमच्या संपादकांनी कारण विचारलं, तर मी म्हटलं, "प्रयोगात त्रुटी आढळली."

मलाही हसू आलं, पण दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी नुसती चिडले होते. मग एकदा ऑफिसला उशिरा जायचं ठरवलं आणि समोरच्या औषधांच्या दुकानात जाऊन उभी राहिले. नाना खाली आले. इस्त्रीचा सदरा, केस विंचरलेले, हातात गाठ मारलेली पिशवी. गाडी यायला वेळ होता तर फाटकाशी उभे राहून इतर लोकांनी आणलेल्या पिशव्या बघत होते. एका माणसाला त्यांनी काहीतरी समजावलं आणि त्याने पिशवीतून बाटली काढून वेगळी धरली. गाडी आली. ड्रायव्हरने त्यांना सलाम केला. नानांनीही केला. मी डोकेदुखीची गोळी घेऊन ऑफिसला गेले.

मला हे बंद करवेना. सांगितलं तर म्हणतील, मी तुझं काम बिघडवलं, इथे माझा उपयोग नाही. आणि थंडी तोंडावर आली आहे. न सांगावं तर रोज व्हायला लागलेलं खत कचऱ्यात जातंय आणि मी गप्प बसून बघते आहे. मग मी डबा ठेवलाय कशासाठी? मातीसाठी, की आपण काहीतरी चांगलं करतो हे वाटण्यासाठी? असे प्रश्न पडले की मी भांडी घासते. भांडी लख्ख आहेत.

शेवटी मधला मार्ग काढला. निळा डबा त्यांच्या ड्यूटीसाठी राहू दिला. थोड्या साली बाजूला काढून बाथरूममध्ये एका झाकणाच्या बादलीत टाकते, वर प्रुफांचे तुकडे, आणि त्यावर जुना टॉवेल. बादली गरम पाण्याच्या टाकीमागे आहे, तिथे कोणी बघत नाही. घरात कोणालाच सांगितलेलं नाही. टिटवीला कळलं असतं तर नानांना कळलं असतं.

वरच्या मजल्यावरची शिवणवाली दिसली की मी जिना बदलते. आमच्या इमारतीला एकच जिना आहे.

एक मात्र छान झालंय. या आठवड्यात घरातले सगळे माझ्याशी फार गोड वागताहेत. तुझ्या मेव्हण्यांनी आपणहून चहा केला. टिटवी एकदाही उलट बोलली नाही. काल तर जवळ येऊन म्हणाली, "आई, तुला काही सांगायचंय का?" थंडी येतेय म्हणून असेल.

उद्याचं काम: शिवणवालीला खरं सांगणे.

तुझी,
धाकटी

२७ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

थंडीमुळे नाही.

नानांचा फोन आला. यावेळी घरातून नाही, फाटकाबाहेरून. आवाज एकदम खाली. म्हणाले, "धाकटीचं मला काही ठीक वाटत नाही."

मी विचारलं, काय झालं?

"न्हाणीघरात साली लपवते. बादलीत. टॉवेलखाली. आणि वर कागदाचे तुकडे टाकते, स्वतः लिहिलेले. फाडून."

मी काही बोलायच्या आत ते पुढे म्हणाले, "जावयांना सांगितलंय, तिला जपा. टिटवीला सांगितलंय, उलट बोलू नकोस. बादली मी सकाळी रिकामी करून जागेवर ठेवतो, टॉवेल होता तसा. तिला काही विचारायचं नाही, असं आमचं ठरलंय. लहानपणापासून फार विचार करायची. तो कुठेतरी बाहेर पडणारच." मग म्हणाले, "थंडीत जाणार होतो ते आता नाही. हिला अशा अवस्थेत टाकून कसा जाऊ?"

धाकटे, आपण दोघं जे करू शकलो नाही ते तुझ्या बादलीने केलं. माझा सल्ला विचारशील तर गप्प बस. सहा महिने वेड लागल्यासारखी वाग, तुला फारसं वेगळं काही करावं लागणार नाही. टॉवेल रंगीत आण. एखादी साल उशाखाली ठेव.

वहिनीचा निरोप वेगळा आहे. ती म्हणते, काळजीने थांबलेला माणूस थांबलेला नसतो, अडकलेला असतो. तिला सध्या बसल्या बसल्या असं सुचतं.

तुझा,
दादा

८ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझा सल्ला मी पाच दिवस पाळला. मग पाळवेना.

नानांचं जेवण कमी झालं होतं. ताटात वाढलेलं संपवत, कारण टाकणं त्यांच्या रक्तात नाही, पण वाढूनच घेत नसत. माझ्याकडे बघत बसायचे. मी कांदा चिरला तरी हात थांबवून बघायचे की सालीचं काय करते. चक्कर येणाऱ्या माणसाला मी माझ्या बादलीपायी उपाशी ठेवते आहे, हे माझ्या लक्षात आलं. वहिनीला सांग, तिचं बरोबर होतं.

आज सुट्टी होती. त्यांना बाल्कनीत नेलं, खुर्चीवर बसवलं.

"नाना, यात आहे तो कचरा नाही."

"मग काय आहे?"

"त्याचं खत व्हायचंय. म्हणून साठवते."

"न्हाणीघरातलं?"

"तेही."

"आणि टॉवेल?"

"तुमच्यापासून लपवायला."

माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "म्हणजे तुझं डोकं ठीक आहे."

"होतं तसंच आहे."

मग डब्याकडे बघितलं. खालच्या दाराकडे. "म्हणजे मी रोज ते तयार व्हायच्या आत..."

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

"थोडे दिवस."

"बोलली नाहीस."

"तुम्हीही बोलला नव्हता, नाना."

त्यांनी वाकून खालचं दार उघडून आत बघितलं. मग विचारलं, "यात आणखी काय लागतं?" मी सांगितलं, सुकी पानं लागतात, ती मिळत नाहीत म्हणून कागद घालते. ते उठले आणि आत गेले.

मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. कॉटखालून बॅग ओढल्याचा आवाज आला. चेन उघडल्याचा. मग दार वाजलं. टिटवी धावत आली. "आई, नाना बॅग घेऊन गेले. काही बोललेच नाहीत."

मी तशीच, घरातल्या चपलांत खाली पळाले. फाटकाशी नव्हते. बसच्या थांब्यावर नव्हते. शिवणवाली समोरून येत होती, तिने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "माझं खत कधी झालंच नव्हतं. वडील कचऱ्याच्या गाडीत देत होते, ते आता निघून गेले." तिने माझा हात धरला आणि मला घरी आणून बसवलं. ती बिचारी म्हणाली, "माझ्या डब्यालाही अजून वासच येतोय." तेवढंच बरं वाटलं.

नाना आले तेव्हा टिटवी तुझा नंबर लावत होती. बॅग दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली, स्वेटरच्या बाहीवर एक पान चिकटलेलं. बॅग बाल्कनीत नेली आणि उघडली. काठोकाठ सुकी पानं, दाबून भरलेली.

"शाळेच्या मागे ढीग लावलाय," म्हणाले. "पेटवून देणार होते. मी थांबवलंय. अजून चार खेपा होतील."

ते पानं मुठीने चुरून डब्यात टाकत होते आणि मला रागावत होते. "केळी आम्ही हिरवी घ्यायचो. सुक्या गवतात दाबून ठेवायचो आणि पिकेपर्यंत कोणाला हात लावू द्यायचो नाही. पिकणाऱ्या मालाला वेगळा नियम असतो. हा त्यातला माल आहे हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? म्हणे, सगळा कचरा इथेच."

"चुकलं, नाना."

"चुकलंच." मग डब्याच्या खालच्या दारावर त्यांनी चिठ्ठी चिकटवली. आजची तारीख, आणि खाली: पिकतो आहे, हात लावू नये. शिवणवाली ती वाचून म्हणाली, "माझ्याकडेही एकदा बघता का?" म्हणाले, "उद्या सकाळी गाडी गेल्यावर येतो." सुका कचरा द्यायला ते खाली जाणारच आहेत. ड्रायव्हर वाट बघतो, म्हणाले.

थोड्या वेळाने हात धुताना त्यांनी विचारलं, "हे तयार व्हायला किती लागतं?"

मी म्हटलं, "तीन-चार महिने. थंडीत थोडं जास्त."

"मग घाई करून चालणार नाही," म्हणाले, आणि फ्रिजमधल्या कालच्या भाजीचा नंबर लागला की नाही ते बघायला गेले. जेवताना दोनदा वाढून घेतलं.

इथे राहणार का, हे मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस. पण आत्ता त्यांच्या खोलीत डोकावले तर सदरे, स्वेटर, औषधांची पेटी, सगळं कॉटवर आणि खुर्चीवर पसरलेलं आहे. मी म्हटलं, परत बॅगेत भरू का? तर म्हणाले, "त्यात आता कपडे ठेवायचे नाहीत. मातीचा वास लागेल."

उद्याचं काम: कपाटातला मधला खण रिकामा करणे.